आयोगासमोर आठवी ब : भूमिकाखेळातून राज्यनिर्मितीचा पाठ कसा घ्यावा

आठवीच्या इतिहासात ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ हा पाठ आहे. समित्या, आयोग, करार, आंदोलन आणि शेवटी १ मे १९६० असा तो सरळ रेषेत जातो. वाचणाऱ्या मुलाला वाटतं, हे सगळं असंच होणार होतं. पण १९५४ साली नागपुरात राहणाऱ्या माणसाला आपण दोन वर्षांनी कोणत्या राज्यात असू हे ठाऊक नव्हतं. शहर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९३६ पासून इथे स्वतंत्र उच्च न्यायालय होतं, सचिवालय होतं, आणि या दोन्हींवर चूल पेटणारी घरं होती. भूमिकाखेळाचं काम नेमकं इथे आहे. निकाल माहीत नसलेल्या माणसाच्या जागी मुलाला बसवायचं आणि त्याच्याकडून निर्णय घेववायचा.

पुढे एक पूर्ण खेळ दिला आहे : ५६ मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांच्या पाच तासिका. चिठ्ठ्या, हिशेब, वेळापत्रक, बिघडण्याच्या जागा, सगळं त्यात आहे. हिवाळी अधिवेशनाच्या आधीचा आठवडा त्यासाठी सर्वांत सोयीचा. त्या दिवसांत विधानभवनाभोवती बंदोबस्त लागतो, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, शाळेच्या बसचा रस्ता बदलतो. अधिवेशन नागपुरात का भरतं हा प्रश्न मुलांच्या डोक्यात आधीच घोळत असतो.

नाटुकलं आणि खेळ यांतला फरक

स्नेहसंमेलनातलं नाटुकलं असो की पाठ केलेल्या भाषणांची युवा संसद, दोन्हीकडे शेवट आधी ठरलेला असतो. मूल वाक्यं पाठ करतं, म्हणतं आणि विसरतं. भूमिकाखेळात संहिता नसते. त्याऐवजी तीन गोष्टी लागतात. प्रत्येक भूमिकेला स्वतःचं काहीतरी हवं असतं. प्रत्येकाला अर्धीच माहिती असते. आणि निर्णयाला किंमत असते, म्हणजे एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते. तिसरी अट शिक्षक सर्वांत जास्त विसरतात. किंमत नसेल तर दोन्ही बाजू सगळ्यांना सगळं कबूल करतात आणि दहा मिनिटांत खेळ संपतो.

शिक्षकाला लागेल तेवढी पार्श्वभूमी

केंद्र सरकारने डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर सदस्य. आयोगाकडे १,५२,२५० निवेदनं आणि पत्रं आली. त्यांतली नीट विचार करून लिहिलेली दोन हजारांच्या वर नव्हती, असं आयोगानेच नोंदवलं आहे. हा आकडा मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण ‘नुसती मागणी’ आणि ‘कारणासह मागणी’ यांतला फरक पुढे खेळभर कामाला येतो. आयोग १०४ ठिकाणी गेला आणि नऊ हजारांहून जास्त लोकांशी बोलला.

मराठी मुलखात दोन मोठे प्रवाह होते. संयुक्त महाराष्ट्र हवा असणाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार केला. त्यावर पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा तिन्ही भागांतल्या नेत्यांच्या सह्या आहेत. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर ही त्यांतली काही नावं. विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचं पीठ नागपुरात, विकासनिधी, नोकऱ्या आणि व्यावसायिक शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, ही त्यातली मुख्य कलमं. दुसरीकडे बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी आणि त्यांचे सहकारी स्वतंत्र विदर्भाची मागणी करत होते.

आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला आणि आठ जिल्ह्यांचं स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवलं : नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. हा परिच्छेद खेळ संपेपर्यंत मुलांना सांगायचा नाही. पाठ्यपुस्तकही त्या आठवड्यात दप्तरात राहू द्या. घरी कोणी वाचलंच तर बिघडत नाही. १९५४ मध्ये बसलेल्या माणसाला ते माहीत नाही, एवढाच नियम सांगा.

वर्गाची वाटणी

आयोगाचे सदस्य ३, आयोगाचे सचिव ३, वार्ताहर ६, वेळ पाहणारे २. उरलेली ४२ मुलं सहा-सहाच्या सात गटांत बसतात. पहिले दोन गट बाजू मांडणारे : स्वतंत्र विदर्भवाले आणि संयुक्त महाराष्ट्रवाले. बाकीचे पाच गट अजून ठरलेले नाहीत, आणि खरा खेळ त्यांच्याभोवती फिरतो : नागपुरातले वकील व सरकारी कर्मचारी, वऱ्हाडातले कापूस उत्पादक, नागपुरातले गिरणी कामगार, नागपुरात राहणारे हिंदी भाषक, आणि चांदा जिल्ह्याच्या जंगलभागातले रहिवासी.

वर्ग ४० चा असेल तर गट चारचे करा, सचिव दोन आणि वार्ताहर पाच ठेवा. सत्तरचा असेल तर गट आठचे करा. आयोग मात्र तीनचाच ठेवा. पाच जणांचा आयोग केला की दोघं गप्प बसतात, आणि वाद दोन-एकने सुटण्यातली गंमतही जाते.

गटातल्या सहाही जणांना नेमकं काम द्या : प्रवक्ता, समोरच्या गटाला विचारायचे प्रश्न तयार करणारा, हिशेबनीस, नोंद ठेवणारा आणि दोन दूत. वाटाघाटीच्या वेळी जागेवरून उठायची परवानगी फक्त दूतांना. या एका नियमाने अर्धा गोंधळ कमी होतो. दोघांच्या बाकांचा अरुंद वर्ग असेल तर त्याशिवाय गत्यंतरच नाही.

भूमिका देताना दोन पथ्यं पाळायची. वर्गातल्या हुशार म्हणून ठरलेल्या मुलांना आयोगावर बसवू नका. त्यांना कापूसवाल्यांत किंवा कामगारांत ठेवा. आयोगासाठी लक्ष देऊन ऐकणारी मुलं निवडा. आणि मुलाचं आडनाव, घरची भाषा किंवा गाव पाहून भूमिका देऊ नका. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलीला ‘हिंदी भाषक’ गटात टाकलं, तर तिला आपली बाजू घ्यावी लागते आहे की आपली ओळख उघडी पडते आहे, हे तिचं तिलाच कळत नाही. दुसऱ्याच्या जागी बसण्यासाठीच तर हा खेळ आहे.

चिंचोक्यांचा हिशेब

शब्दाला किंमत यावी म्हणून चिंचोके. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना १२, विदर्भवाल्यांना ८. आश्वासनांचा दर असा :

अधिवेशन नागपुरात : ३
उच्च न्यायालय नागपुरात : २
विकासनिधी लोकसंख्येच्या प्रमाणात : ४
सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा : ३
व्यावसायिक शिक्षणाच्या जागा : २
कापसाचा बाजार व कर्जाची सोय : ३
जंगलभागात रस्ते व शाळा : ३
गिरणी कामगारांसाठी घरं : २
मातृभाषेतून प्राथमिक शाळा : २

एकूण २४. म्हणजे संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना बरोबर अर्ध्याच गोष्टी देता येतात. विदर्भवाल्यांना पहिल्या दोन फुकट मिळतात, कारण त्यांच्या राज्याची राजधानी नागपूरच असणार. म्हणून त्यांचे चिंचोके कमी. पहिल्या पाच गोष्टी नागपूर करारातल्या आहेत. शेवटच्या चार खेळासाठी घातल्या आहेत आणि दरही खेळापुरतेच आहेत, हे शेवटच्या चर्चेत मुलांना स्पष्ट सांगायचं.

न ठरलेल्या पाच गटांना प्रत्येकी तीन गोष्टी हव्या आहेत. त्यांचे गुण ५, ३ आणि २ :

वकील-कर्मचारी : उच्च न्यायालय ५, नोकऱ्या ३, अधिवेशन २
कापूस उत्पादक : बाजार-कर्ज ५, निधी ३, शिक्षणाच्या जागा २
गिरणी कामगार : घरं ५, शिक्षणाच्या जागा ३, निधी २
हिंदी भाषक : मातृभाषेतून शाळा ५, नोकऱ्या ३, अधिवेशन २
जंगलभाग : रस्ते-शाळा ५, निधी ३, शिक्षणाच्या जागा २

एकदा दिलेलं आश्वासन सगळ्यांसाठी असतं. निधी दिला तर तो कापूसवाल्यांना, कामगारांना आणि जंगलभागालाही मिळतो. या कोष्टकात दोन्ही बाजूंनी उत्तम खेळ केला तर पाचही गटांना मिळून संयुक्त महाराष्ट्राकडून ३० आणि विदर्भाकडून २९ गुण मिळतात, इतका तोल जुळवलेला आहे. दर बदलायचे असतील तर ही बेरीज पुन्हा करून पाहा. एकीकडे ४० आणि दुसरीकडे ३० झाले की वाटाघाटीत कोणी जीव ओतत नाही. गुणांचं कोष्टक फक्त त्या-त्या गटाला द्यायचं, दरपत्रक मात्र फळ्यावर सगळ्यांसमोर.

चिठ्ठी कशी लिहायची

जाड कागदाच्या ए-फोर पानावर चार चिठ्ठ्या बसतात, म्हणजे ५६ जणांना १४ पानं. एका चिठ्ठीवर शंभराच्या आत शब्द ठेवा. त्याहून लांब चिठ्ठी मुलं शेवटपर्यंत वाचत नाहीत. चार भाग हवेत : तुम्ही कोण, तुम्हाला काय हवं, तुम्हालाच काय माहीत आहे, आणि तुमची दुबळी बाजू. चौथ्या भागाशिवाय चिठ्ठी देऊ नका. नमुन्यासाठी कापूस उत्पादकांची :

*तुम्ही कोण :* अमरावती, अकोला, यवतमाळ पट्ट्यातले कापूस पिकवणारे शेतकरी.
*हवं काय :* बाजार व कर्जाची सोय (५), निधी (३), शिक्षणाच्या जागा (२).
*माहीत काय :* वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेलं आहे. ‘वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडातच खर्च व्हावा’ ही तुमची जुनी तक्रार.
*दुबळी बाजू :* मुंबई दूर म्हणता, पण नागपूरच्या कारभाराबद्दलही तुमची तक्रारच आहे. मग राजधानी कुठे हवी, हे आयोग विचारेल. उत्तर तयार ठेवा.

विदर्भवाल्यांच्या चिठ्ठीत लिहा की आठ जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ७६ लाख आहे आणि हा भाग महसुलाच्या दृष्टीने शिलकीचा मानला जातो. त्यांची दुबळी बाजू : एका भाषेची दोन राज्यं कशाला? संयुक्त महाराष्ट्रवाल्यांची दुबळी बाजू : करारावर सह्या आहेत, पण तो कायदा नाही, उद्या पाळला नाही तर जाब कोणाला विचारायचा? या दोन प्रश्नांवर सुनावणी उभी राहते.

खऱ्या नेत्यांची नावं चिठ्ठ्यांवर घालू नका. मूल ‘यशवंतराव’ झालं की आवाजाची नक्कल करू लागतं आणि मुद्दा बाजूला राहतो. नेत्यांची नावं पार्श्वभूमी सांगताना आणि शेवटच्या चर्चेत घ्या.

पाच तासिका

पहिली तासिका पार्श्वभूमीची. मध्य प्रांत व वऱ्हाडचा जुना नकाशा फळ्याजवळ लावा आणि आजच्या विदर्भाच्या नकाशाशी ताडून दाखवा : गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच, गोंदिया भंडाऱ्यात, वाशिम अकोल्यात. पंधरा मिनिटांत हे उरका. उरलेल्या वेळात चिठ्ठ्या, गट, कामांची वाटणी. आयोगाला चार निकष लिहून द्या : देशाची एकता व सुरक्षितता, भाषा व संस्कृतीची एकरूपता, आर्थिक व प्रशासकीय सोय, राष्ट्रीय योजनेची अंमलबजावणी. खऱ्या आयोगापुढेही हेच होते. घरी प्रत्येकाने आपल्या भूमिकेतून पाच ओळी लिहून आणायच्या.

दुसरी तासिका वाटाघाटींची. पहिली पाच मिनिटं गटात, मग दूत फिरतात. आश्वासन द्यायचं तर ‘शब्दपत्र’ लिहायचं : कोणी, कोणती गोष्ट, किती चिंचोके. दोन प्रती, एक समोरच्या गटाकडे, दुसरी चिंचोक्यांसह सचिवांकडे. सचिवांनी शिक्का किंवा सही केली की शब्द पक्का, मग मागे घेता येत नाही. तासिकेची शेवटची सात मिनिटं राहिली की नवीन शब्दपत्र बंद, आणि न ठरलेल्या गटांनी कोणत्या बाजूला जायचं हा आपापला कौल ठरवायचा. आयोगाचे सदस्य या वेळात एका कोपऱ्यात बसून प्रत्येक गटासाठी दोन प्रश्न लिहितात. वार्ताहर फिरतात आणि ऐकलेलं भित्तिपत्रकावर टाकतात. बातमीखाली ती कोणाकडून कळली हे लिहायलाच हवं.

खेळ नीट चालला की बोलणं असं होतं :

“आमच्या बाजाराचं काय? तीन चिंचोके टाकता का?”

“तीन टाकले तं निधीले काई उरत नाही. निधी दिला तं तुम्हाले बी भेटते, जंगलवाल्याइले बी भेटते.”

“पण आमाले पाचाचं काम तीनात कसं भागन?”

हे बोलणं ऐकू आलं की समजा, अंदाजपत्रक म्हणजे काय हे त्या पोट्ट्यांना कळलं. इथे मुलांना प्रमाण मराठीत बोलायला लावू नका. वाटाघाट घरच्या बोलीत होऊ द्या, शब्दपत्र मात्र लिखित भाषेत.

तिसरी आणि चौथी तासिका जोडून घ्या. वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना हे आठवडाभर आधी सांगावं लागतं. सात गट, प्रत्येकी तीन मिनिटं निवेदन आणि दोन मिनिटं आयोगाचे प्रश्न : ३५ मिनिटं. आयोगाचा विचारविनिमय १२ मिनिटं, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने करायचा. बंद दाराआड केला तर उरलेली त्रेपन्न मुलं काय करतील ते सांगायला नको. याच वेळात वार्ताहर ठळक बातमी तयार करतात. निर्णयवाचन ५ मिनिटं, बातम्या ५ मिनिटं. एकूण ५७. उरलेली तेरा मिनिटं बाक हलवण्यात आणि लांबलेल्या उत्तरांत जातात, ती आधीच सोडून ठेवा.

आयोगाने डोकी मोजून निर्णय द्यायचा नाही. पाच गटांचे कौल हा एक पुरावा. निर्णयात चारपैकी किमान दोन निकष आणि किमान दोन गटांची साक्ष यांचा उल्लेख हवा. ही अट नसेल तर आयोग ‘दोन्ही बाजूंचं म्हणणं योग्य आहे’ असं म्हणून मोकळा होतो.

पाचवी तासिका चर्चेची. ती कापली तर बाकीच्या चार वाया गेल्या असं समजा.

बिघडतं कुठे

सर्वांत मोठा धोका आजचं राजकारण वर्गात शिरण्याचा. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न जिवंत आहे, घराघरांत मतं आहेत. म्हणून खेळातलं घड्याळ ३० सप्टेंबर १९५५ ला थांबतं. त्यानंतरचं काहीही बोलायचं नाही, आजचे पक्ष आणि नेते तर नाहीच. कोणी ‘मिहान’ (नागपूर विमानतळालगतचा आजचा प्रकल्प) म्हणालं किंवा मेट्रोचा दाखला दिला, की कोणत्याही गटाने हात वर करून ‘काळभंग’ म्हणायचं; तो मुद्दा खोडला जातो. मुलांना हे पकडायला फार आवडतं, आणि त्यातून कालक्रम पक्का होतो. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी अर्ध्या पानाची सूचना द्या : शाळा कोणत्याही बाजूची नाही, भूमिका वाटून दिलेल्या आहेत, मूल घरी जे बोलेल ते त्याच्या चिठ्ठीतलं आहे.

दुसरा धोका सोंगाचा. जंगलभागातल्या गटाने मोडकं मराठी बोलणं, डोक्याला पिसं लावणं, हिंदी भाषकांची खिल्ली. वेशभूषा सरसकट बंद ठेवा, बाही गुंडाळण्याइतकीसुद्धा नको. गटाची ओळख छातीवरच्या गटाच्या नावपट्टीने होते. पहिल्याच दिवशी सांगा की ही माणसं आयोगासमोर आपलं म्हणणं नीट तयार करून आली आहेत. मग प्रवक्ता तसाच उभा राहतो.

भांडण भूमिकेचं असताना नावावर येतं. “तुम्ही खोटं बोलता” चालेल, “तू नेहमीच असं करतो” चालणार नाही. सुनावणीत एकमेकांना गटाच्या नावानेच हाक मारायची. तरी आवाज चढला तर लाल पुठ्ठा वर करा आणि तीस सेकंद सगळं थांबवा. शिट्टी वापरली तर शेजारच्या वर्गाचे सर दारात येतात.

गैरहजेरीसाठी प्रत्येक गटात नोंद ठेवणारा हा प्रवक्त्याचा बदली धरा. आयोगाचा सदस्य आला नाही तर सचिवांपैकी एकाला बढती.

आणि एक चूक शिक्षकाची : मध्येच माहिती दुरुस्त करायला धावणं. प्रवक्त्याने आकडा चुकवला तर टिपून ठेवा. त्या क्षणी टोकलं की मूल भूमिका सोडून परीक्षेला बसल्यासारखं होतं. फक्त अपमानकारक बोलणं तिथल्या तिथे थांबवायचं.

पाचव्या तासिकेतली चर्चा

आधी भूमिका उतरवायची. सगळ्यांनी चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, मूळ जागेवर बसायचं, आणि ‘मी’ म्हणून एकेक वाक्य वहीत लिहायचं : भूमिकेतलं कोणतं मत माझं नव्हतं? हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर भांडण मधल्या सुट्टीत पोहोचतं.

मग फळ्यावर दोन रकाने : ‘आपल्या खेळात’ आणि ‘प्रत्यक्षात’. आयोगाची शिफारस काय होती, ती सरकारने पूर्ण मानली का, विदर्भ कुठे गेला, हे आता सांगा. आयोगाने एक सांगितलं आणि घडलं दुसरंच, हे कळल्यावर वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. सल्ला देणारा आयोग आणि निर्णय घेणारी संसद यांतला फरक राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाचून जितका कळत नाही, तितका इथे कळतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी २ चिंचोके लागले होते ना? राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी ३५०-क हे कलम आलं, तेही इथेच जोडा. आणि डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती : मुंबई शहर आणि पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र. आपल्या खेळात दोनच बाजू होत्या. खऱ्या इतिहासात आणखी होत्या, हे यातून दिसतं.

शेवटी विचारा : खेळाने कोणती गोष्ट फार सोपी केली? मुंबई कोणाची हा प्रश्न, मराठवाडा, सीमाभाग हे सगळं आपण बाहेर ठेवलं. मुलांनी हे स्वतः सांगितलं तर उत्तमच.

गुण

अभिनयाला गुण देऊ नका. लाजरी मुलं त्यात हरतात आणि बोलघेवडी उगाच जिंकतात. दहा गुणांचं लेखन ठेवा : आपल्या गटाचं एका पानाचं निवेदन ४, शब्दपत्रांचा हिशेब किंवा आयोगाच्या बाबतीत निर्णयाची कारणं २, आणि ‘प्रत्यक्षात काय घडलं व का’ हे खेळाबाहेर येऊन लिहिलेलं उत्तर ४. शेवटचं उत्तर परीक्षेतल्या ‘कारणे लिहा’ आणि ‘टीप लिहा’ प्रश्नांना थेट उपयोगी पडतं, त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रारही राहत नाही.

काय खेळू नये

जातीय अत्याचार, फाळणीतली हिंसा, दुष्काळातली उपासमार यांवर भूमिकाखेळ करू नका. कोणाचं दुःख वीस मिनिटं ‘करून’ पाहता येत नाही, आणि वर्गात एखाद्या घरात ते दुःख अजून ओलं असू शकतं. १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षा सोहळाही खेळाचा विषय नाही. तिथे भाषणं, छायाचित्रं, प्रत्यक्ष भेट हा मार्ग. खेळासाठी निर्णयाची जागा निवडा. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह घ्यायचा तर लाठीमार दाखवू नका. सत्याग्रहींची बैठक घ्या. आज किती स्वयंसेवक पाठवायचे, अटक झालेल्यांच्या घरचं कोण पाहणार, बाहेरच्या प्रांतांतून मदत मागायची का.

तोच सांगाडा भूगोलाला

पेंच नदीच्या पाण्यावर दोन तासिकांचा छोटा खेळ होतो. चार गट : नागपूर शहर, कालव्याखालचे शेतकरी, कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रं, आणि नदीकाठचे मासेमार. पहिल्या फेरीत १०० चिंचोके पाणी, प्रत्येकाची मागणी ३५. बेरीज १४० होते म्हणून काटछाट आलीच. दुसऱ्या फेरीत पाऊस कमी, ६० चिंचोके. तिसऱ्या फेरीत एक बातमी वाचून दाखवा : वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई इथे धरण झालं आहे, आणखी १५ काढून घ्या. इथे वीजकेंद्राच्या गटाला एक बंद पाकीट द्या. त्यात शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचा पर्याय असतो, पण तो घ्यायला शहराच्या गटाची सही लागते. शहराच्या गटाने त्या सहीच्या बदल्यात काय मागितलं ते टिपून ठेवा. दुसऱ्या तासिकेची चर्चा तिथूनच सुरू करा.

खेळ झाल्यावर चिठ्ठ्या गटवार पाकिटात, दरपत्रक आणि फळ्यावरच्या दोन रकान्यांची नक्कल त्यांच्यासोबत, असं सगळं एका फाईलमध्ये ठेवा. कोणता गट कमी बोलला, कोणत्या आश्वासनाला कोणीच हात लावला नाही, हे फाईलवर पेन्सिलने लिहा. पुढच्या वर्षी दर बदलताना तेवढंच लागतं. चिंचोके मात्र डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, त्यांना कीड लागते.